त्रेपन्नावा दरवाजा

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. साध्या मूर्खाला पहिला समास, शिकलेल्या मूर्खाला थेट दहावा. ही क्रमवारी मला नेहमीच न्याय्य वाटत आली आहे. शिक्षणाशिवाय मूर्खपणाला खोली येत नाही. समर्थांचं जन्मगाव जांब हे आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातलं, त्यामुळे या विषयावरचा पहिला पद्धतशीर अभ्यास आमच्याच भागातल्या माणसाने केला, याचा आम्हा छत्रपती संभाजीनगरकरांना थोडा अभिमानही आहे. मात्र समर्थांच्या काळात लॅपटॉप नव्हते, म्हणून यादीत एक लक्षण राहून गेलं. ते नम्रपणे जोडतो: ज्याचं इंटरनेट व्यवस्थित चालू आहे आणि जो ते आणखी व्यवस्थित चालावं म्हणून रात्री अकरा वाजता एक फाईल उघडतो, तो एक पढतमूर्ख.

हा लेख त्या थोर पुरुषाच्या गौरवार्थ आहे. तो पुरुष मीच आहे, हे वाचकांनी माझ्या निःपक्षपातीपणाच्या आड येऊ देऊ नये.

मुळात माझ्या घरी काहीच बिघडलेलं नव्हतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नेहमीची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा भाग नसल्याने विंडोज ११ने त्याला दारातूनच परत पाठवलं. अशा वेळी शहाण्या माणसांपुढे दोन रस्ते असतात. नवा लॅपटॉप घ्यायचा, किंवा काहीच न करता आहे तसं वापरत राहायचं. दोन्ही रस्ते सरळ असल्याने मी ते सोडले. इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा पेनड्राइव्ह घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, लिनक्स टाकू. वीस मिनिटांत होतं.”

खरंच वीस मिनिटांत झालं. लिनक्सचा हाच गुण मला सर्वांत भावतो: ते वीस मिनिटांत बसतं आणि पुढे जन्मभर पुरतं.

पडदा छान दिसत होता, आवाज येत होता, मराठी अक्षरं जोडाक्षरांसकट उमटत होती. फक्त वायफाय नव्हतं. भाच्याने सांगितलं की या लॅपटॉपमधल्या वायफायच्या चिपसाठी कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो, त्याचा मूळ कोड कंपनी खुला करत नाही, म्हणून तो आधीपासून सोबत दिलेला नाही. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. इंटरनेटसाठी वायफाय लागतं, वायफायसाठी ड्रायव्हर लागतो, ड्रायव्हरसाठी इंटरनेट लागतं. वेड गेल्याशिवाय लग्न होईना आणि लग्न झाल्याशिवाय वेड जाईना, ही म्हण आपल्याकडे शतकानुशतकं आहे. ती प्रत्यक्ष चालताना मी पहिल्यांदाच पाहिली. बाकीच्या कंपन्या सगळं आयतं देतात आणि माणसाला परावलंबी करतात. इथे पहिल्याच दिवशी तत्त्वज्ञानाला सुरुवात.

भाच्याने मोबाइल वायरीने लॅपटॉपला जोडला, मोबाइलचं नेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर उतरवला, आणि पाच मिनिटांत वायफाय सुरू करून तो त्याच्या घरी निघून गेला. शहाणा माणूस इथे थांबला असता, आणि लेखही इथेच संपला असता.

लिनक्सविषयी शेजारीपाजारी जे बोलतात, त्याचा समाचार आधी घेतो. हेलसिंकीतल्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१मध्ये जाहीर केलं की तो एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे, केवळ छंद म्हणून, फार मोठं काही नाही. टीसीपी-आयपी, म्हणजे जाळ्यात बोलण्याची भाषा, तिच्यात १९९२मध्ये आली. याचा अर्थ सुरुवातीचं जवळजवळ एक वर्ष लिनक्सला नेटवर्कच नव्हतं, आणि त्या वर्षात नेटवर्कविषयी एकही तक्रार आली नसणार. लिनक्सच्या इतिहासातला तो सुवर्णकाळ. पुढे त्या छंदाचं काय झालं हे सांगायचं तर २०१७च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतले पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालतात. आमच्या कॉलनीतल्या ज्या सद्गृहस्थांनी मला व्हॉट्सॲपवर विचारलं की “कशाला हे नसते उद्योग”, त्यांच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. घरोघरी भिंतीवर लुकलुकणाऱ्या बहुतेक राऊटरांच्या पोटातही तेच असतं. थोडक्यात, लिनक्सविरुद्धचा त्यांचा विचार लिनक्सवर लिहिला गेला आणि लिनक्सवरून माझ्यापर्यंत आला. फरक इतकाच की त्यांचं लिनक्स दुसऱ्या कुणीतरी आधीच नीट करून दिलं होतं. कष्टाविना मिळालेल्या गोष्टीची किंमत माणसाला कळत नाही.

असो. वायफाय लागल्याच्या दुसऱ्या रात्री मी नेटवर्कची माहिती पडद्यावर मागवली. काही बिघडलं होतं म्हणून नव्हे. घरात नवीन माणूस आलं की आपण त्याची विचारपूस करतो, तशी. पूर्वी लिनक्समध्ये वायरीच्या नेटवर्कला ‘ईटीएच०’ म्हणत. साधं, घरगुती नाव. २०१३पासून ही पद्धत मागे पडू लागली. आता माझ्या यंत्रात ‘ईएनपी३एस०’ आणि ‘डब्ल्यूएलपी२एस०’ अशी मंडळी राहतात. तिसऱ्या बसवरची शून्य क्रमांकाची खाच, दुसऱ्या बसवरची शून्य क्रमांकाची खाच, असा त्यांचा अर्थ. ‘आधीच ओळखता येतील अशी नावं’ हे या पद्धतीचं अधिकृत वर्णन आहे, आणि ती आधीच ओळखलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पुण्यामुंबईच्या माणसाला ही नावं विचित्र वाटतील. आमच्या शहरातल्या सिडकोत एन-अमुक, सेक्टर तमुक, घर क्रमांक ढमुक अशा पत्त्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला त्यात काहीच वावगं दिसत नाही. रात्री पाहुणा आला की तो एन-सहामध्ये उभा राहून एन-नऊचं घर शोधतो, आणि आपण फोनवर त्याला वळणं सांगतो. लिनक्समध्ये याला ‘रूटिंग’ म्हणतात.

नाव बदललं म्हणून बिथरून जायची तर आमच्या गावाला सवयच नाही. खडकी इथे १६१०मध्ये मलिक अंबरने शहर वसवलं, त्याच्या मुलाने त्याचं फतेहनगर केलं, १६५३मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि औरंगाबाद झालं, २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. या सगळ्यात विमानतळाचा तीन अक्षरी संकेत तेवढा आयएक्सयूच राहिला आहे. पाटीवर काहीही असो, विमान त्या तीन अक्षरांवर उतरतं. इंटरनेटचंही असंच असतं. वर माणसांसाठी नावं, खाली यंत्रांसाठी आकडे, आणि या दोहोंमध्ये दुभाष्या म्हणून डीएनएस. हा दुभाष्या रुसला की काय होतं, ते आता सांगतो.

आमचं शहर बावन्न दरवाजांचं म्हणून ओळखलं जातं. त्यांतले आता थोडेच उभे आहेत. बावन्न मोजायला निघालेला माणूस बावन्नपर्यंत पोचल्याचं मी ऐकलेलं नाही. तरी दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई दरवाजा आहेत, आणि मलिक अंबरने १६१२मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा तर वाहनांच्या धुरातही ताठ उभा आहे. अशा शहरात वाढलेल्या माणसाला जेव्हा कळतं की त्याच्या लॅपटॉपलाही दरवाजे आहेत, बावन्न नव्हे तर पासष्ट हजार पाचशे पस्तीस, आणि त्यांतले कुठले उघडे आहेत याची त्याला कल्पना नाही, तेव्हा त्याला झोप कशी लागावी? या दरवाजांना पोर्ट म्हणतात. लिनक्समध्ये त्यांच्यावर पहारा बसवायला फायरवॉल असते, आणि ती चालवायला मोजून दोन-तीन ओळी लागतात. कमी ओळींत जास्त नुकसान करण्याची ही सोय इतरत्र सहसा मिळत नाही.

मी दौलताबादचा किल्ला चारपाच वेळा पाहिला आहे. कातळात खोदलेला खंदक, मग ती अंधारी, जिच्यात शत्रू आपोआप चुकीच्या वळणाला लागावा. तो आदर्श डोळ्यांपुढे ठेवून मी लॅपटॉपचे आत येणारे सगळे दरवाजे बंद केले. मग बाहेर जाणारेही बंद केले. मग विचारपूर्वक दोन उघडले: ८० आणि ४४३. वेबसाइटी याच दोन दरवाजांतून येतात-जातात, हे मी वाचलं होतं. आणखी काय पाहिजे माणसाला?

इंटरनेट बंद पडलं.

म्हणजे पूर्ण बंद नव्हे, आणि यातच या यंत्रणेची शान आहे. राऊटरचा आकडी पत्ता, १९२.१६८.१.१, टाकला की राऊटरचं पान निमूट उघडे. कुठल्याही वर्तमानपत्राचं नाव टाकलं की गोल चक्र फिरत राही. आकड्याला ओ, नावाला नाही. एखाद्या घरात जावयाला फक्त ‘अहो’ म्हटलं की ऐकू येतं, तसं. त्या रात्री मी बारा ते अडीच या वेळात सगळ्यांचा संशय घेतला. राऊटरचा घेतला, केबलचा घेतला, चिपच्या कंपनीचा घेतला, हेलसिंकीचाही घेतला. भाच्याने जाताना टाकलेली एखादी ओळ चुकली असेल, असंही मनात आलं. फक्त दोन तासांपूर्वी मी स्वतः केलेल्या गोष्टीचा संशय घेतला नाही. पढतमूर्खाच्या स्वभावातली ही निष्ठा वाखाणण्यासारखी आहे. तो जगाला तपासतो. स्वतःवर त्याचा विश्वास असतो.

तपास करता करता मी ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ नावाच्या फाईलपाशी पोचलो. नावाचा आकडा कुणाला विचारायचा, हे या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. तिच्या माथ्यावरच सूचना असते की ही फाईल हाताने बदलू नये. मराठी माणसाला ‘येथे थुंकू नये’ या पाटीपासून ही शैली परिचयाची आहे; सूचना म्हणजे नेमकी जागा दाखवण्याची सोय. आत पत्ता होता १२७.०.०.५३. एकशे सत्तावीसने सुरू होणारा पत्ता म्हणजे आपलंच यंत्र. थोडक्यात, माझं यंत्र जगाचा पत्ता स्वतःलाच विचारत होतं. हे मला पटलं नाही. (ते बरोबर होतं. आत बसलेला एक कारकून प्रश्न घेऊन पुढे बाहेर विचारायला जातो. पण पटलं नाही, हे महत्त्वाचं.) मी तिथे माझ्या राऊटरचा पत्ता घातला. यंत्र पुन्हा सुरू केलं, तर जुना पत्ता परत. पुन्हा घातला, पुन्हा परत. रस्ता केला की तो खोदायला कुणीतरी येतंच, हे नागरिकशास्त्र मला ठाऊक होतं. पण इथे रस्ता करणाराही मी होतो आणि खोदणारंही माझंच यंत्र.

मग समजलं की ती खरी फाईल नाहीच, दुसरीकडे बोट दाखवणारी पाटी आहे. मी पाटी काढून टाकली आणि तिच्या जागी माझ्या हातची खरी फाईल ठेवली. ती पुन्हा कुणी बदलू नये म्हणून तिला ‘चॅटर प्लस आय’ हा हुकूम दिला. हा हुकूम थोर आहे. यातल्या ‘आय’चा अर्थ अचल, अपरिवर्तनीय. एकदा तो दिला की ती फाईल कुणालाच बदलता येत नाही, खुद्द रूटला, म्हणजे यंत्राच्या सर्वसत्ताधीशालाही नाही. तिच्या पहिल्या ओळीत मी लिहून ठेवलं: हात लावू नये.

इंटरनेट बंदच राहिलं.

दुसऱ्या दिवशी भाचा आला. त्याने फायरवॉलची यादी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि नातं लक्षात ठेवून फक्त एवढंच म्हणाला, “मामा, त्रेपन्न नंबर बंद आहे.” डीएनएसचा दरवाजा त्रेपन्नावा. मी दोन दरवाजे उघडले होते आणि ज्या दरवाजातून पत्ता विचारायला बाहेर पडायचं, तोच लावून घेतला होता. बावन्न दरवाजांच्या गावात जन्मलेल्या माणसाला त्रेपन्नाव्याची सवय नसणं स्वाभाविक आहे, असं मी त्याला समजावलं. त्याने एक ओळ लिहिली. इंटरनेट सुरू झालं. अचल फाईलविषयी मी त्याला काही बोललो नाही. बोलायला ती माझ्या लक्षात असायला हवी होती.

ती लक्षात आली तीन महिन्यांनी, पुण्याला बहिणीच्या घरी. तिचा राऊटर दुसऱ्या पत्त्यावर राहतो, १९२.१६८.०.१. माझा लॅपटॉप मात्र कोथरूडमध्ये बसून सिडकोतल्या राऊटरला पत्ता विचारत होता. बहीण म्हणाली, “दादा, माझ्या मोबाइलवर बघ ना काय बघायचंय ते.” किती उथळ विचार असतात काही माणसांचे. मी फाईल उघडली, बदलता येईना. ‘सुडो’ लावलं, म्हणजे सर्वाधिकाराने हुकूम केला. सुडो पासवर्ड मागतं आणि टाइप करताना पडद्यावर एक ठिपकाही उमटू देत नाही. माणूस आंधळ्यासारखा टाइप करतो आणि श्रद्धेने एंटर दाबतो. उत्तर आलं: परवानगी नाही. सर्वसत्ताधीशाला परवानगी नाही! नक्कीच कुणीतरी लॅपटॉपमध्ये शिरलं होतं. पासष्ट हजार दरवाजे, कुठून शिरलं असेल कोण जाणे. मी दोन तास त्या अज्ञात शत्रूशी लढलो. त्याची हुशारी मला मान्य करावी लागली. त्याने फाईल अशा रीतीने कुलूपबंद केली होती की आतल्या माणसालाही हलता येऊ नये. अखेर त्याने वरती मराठीत काहीतरी लिहिल्याचं दिसलं. हात लावू नये.

जेवणं आटोपली होती. बहिणीने पोळ्या झाकून ठेवल्या होत्या.

या प्रसंगानंतर सामान्य माणूस खचला असता. मी ठरवलं की दोष या विशिष्ट लिनक्सचा आहे. लिनक्स एक नाही, शेकडो आहेत. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. १९९३पासूनचं डेबियन आहे, २००३पासूनचं फेडोरा आहे, २००४पासूनचं उबुंटू आहे, आणि प्रत्येकाचे अनुयायी आहेत, जे बाकीच्यांविषयी वारकऱ्याने शाक्ताविषयी बोलावं तसे बोलतात. मी उबुंटूवरून फेडोरावर गेलो. तिथे फायरवॉल वेगळी निघाली. फेडोरावरून डेबियनवर गेलो. तिथली शांतता बरी वाटली. मग कळलं की ती शांतता म्हणजे वायफाय नसणं. तिथून पुन्हा उबुंटूवर आलो. प्रत्येक वेळी सगळा संसार एका डिस्कवर बांधायचा, घर पाडायचं, नवीन उभारायचं, संसार सोडायचा.

लोक याला हसतात. हसणाऱ्यांनी आमच्या शहरापासून पंधराएक किलोमीटरवर जाऊन यावं. मुहम्मद तुघलकाने १३२७मध्ये दिल्लीची राजधानी उचलून देवगिरीला आणली, तिचं दौलताबाद केलं, आणि काही वर्षांनी सगळा लवाजमा परत दिल्लीला नेला. इतिहासाने त्याला वेडा ठरवलं. पण विचार करा: दक्षिणेवर नियंत्रण ठेवायला राजधानी मध्यावर हवी, ही कल्पना कागदावर निर्दोष आहे. फेडोराची वैशिष्ट्यंही कागदावर निर्दोष होती. आणि येण्याजाण्यात त्याचं काहीच हाती लागलं नाही असंही नव्हे. आमचा नान-खलिया त्याच्या सैन्याबरोबर इथे आला असं सांगतात. सहाशे-सातशे वर्षांनंतर राजधानी कुठे होती हे परीक्षेपुरतं आठवतं. खलियाची चव मात्र विसरत नाही. माझ्या तीन स्थलांतरांतून असं काही खाण्याजोगं निघालं नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. पण सहाशे वर्षं अजून जायची आहेत.

याहून मोठा मूर्खही याच मातीत होऊन गेला. मलिक अंबरने शहर वसवलं तेव्हा पाण्याचा प्रश्न होता. त्याने सांगितलं की उत्तरेच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालून आणू. ना मोट, ना पंप, नुसत्या उताराच्या जोरावर. दरबारातल्या एका बड्या मंत्र्याने याला कल्पनेचा खेळ म्हणून हसण्यावारी नेलं, अशी आठवण सांगतात. पंधरा महिन्यांत आणि अडीच लाख रुपयांत नहर झाली, असंही सांगतात. मी तिच्याकडे नेटवर्कवाल्याच्या नजरेने पाहतो. जमिनीखालचे बोगदे, खापरी नळ, वाटेत ठिकठिकाणी उभारलेले बंब. या उंच मनोऱ्यांतून पाणी वर चढतं, नळात अडकलेली हवा सुटते आणि पाणी पुढच्या टप्प्याला लागतं. पाणी थांबलं तर कुठल्या बंबापर्यंत आलं आणि कुठल्यापासून पुढे गेलं नाही, हे पाहायचं. बिघाड त्या दोहोंच्या मध्ये. १९८७च्या सुमारास व्हॅन जेकबसन यांनी ‘ट्रेसरूट’ लिहिलं ते नेमकं हेच करतं. इथून निघालेला संदेश कुठल्या टप्प्यापर्यंत पोचला, कुठे हरवला, हे एकेक ओळीने सांगतं. चारशे वर्षांपूर्वी हे आमच्याकडे चुन्यात आणि खापरात होतं. पाणचक्कीला गेलात तर भिंतीवरून हौदात पडणारं पाणी पाहाल. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी ते एकेकाळी जातं फिरवून फकिरांसाठी, वाटसरूंसाठी धान्य दळत असे. पर्यटक तिथे उभे राहून फोटो काढतात आणि तो पाठवायला नेटवर्क नाही म्हणून मोबाइल उंच धरतात.

नहरींची ती अवस्था आता राहिली नाही. आमचं पाणी पन्नासेक किलोमीटरवरून, पैठणच्या नाथसागरातून येतं, आणि शहरातल्या कित्येक वसाहतींत ते आठ-आठ दिवसांनी येतं. येतं तेही कुठल्या प्रहरी, हे ज्याच्या-त्याच्या नशिबावर. आमच्या पिढीचं निम्मं आयुष्य नळ कधी फुसफुसतो याकडे कान लावून गेलं आहे. समोरच्या यंत्रातून काहीतरी येईल म्हणून रात्रभर बसून राहायचं शिक्षण मला लिनक्सने दिलेलं नाही. ते मी तयार घेऊनच आलो होतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. लॅपटॉपचं वायफाय अचानक जोडेनासं झालं. पासवर्ड मागे, मी देई, थोडं चक्र फिरे, पुन्हा पासवर्ड मागे. घरातलं बाकी सगळं चालू होतं. सौभाग्यवतींच्या मोबाइलवर त्याच वायफायवरून मालिका अखंड वाहत होती. म्हणजे राऊटर निर्दोष. हा पुरावा इतका भक्कम होता की मी राऊटरकडे पुन्हा पाहिलंही नाही. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला शिष्टाचार म्हणून एक फोन केला. पलीकडच्या मुलीने दुसऱ्याच वाक्याला सांगितलं, “सर, राऊटर एकदा बंद करून चालू करा.” मी तिला विचारलं की ती लिनक्सशी परिचित आहे का. ती म्हणाली, “सर, लाल लाइट लागलाय का?” लाल लाइट नव्हता. मी सौजन्याने फोन ठेवला. शिकलेली मुलगी, पण बिघाडाचं मूळ शोधायचं सोडून बंद करा, चालू करा. अशाने देश पुढे कसा जाणार?

तीन रात्री मी मूळ शोधलं. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत एक ओळ सापडली: जोडणी तुटली, कारण क्रमांक १५. हा आकडा पाहून मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. पंधरा म्हणजे लॅपटॉप आणि राऊटर यांच्यात पासवर्डाची जी चार पायऱ्यांची देवाणघेवाण होते, ती वेळेत पुरी झाली नाही. चार पायऱ्या! लग्नाच्या बोलणीत इतक्याच असतात आणि तिथेही तिसरीला अडतं. मी ड्रायव्हर काढला, घातला. वीज वाचवण्याची सोय बंद केली. देश बदलून पाहिला. वायफायला तुम्ही कुठल्या देशात आहात हे सांगता येतं, म्हणून काही तास मी जपानमध्ये होतो. कारण क्रमांक १५ ढळला नाही.

तिसऱ्या रात्री साडेतीनला नळ फुसफुसला. आठव्या दिवशीचं पाणी. सगळी कॉलनी झोपली होती, जागा एकटा मी. याचं श्रेय कुणाला जातं हे मी वाचकांवर सोपवतो. मी उठून सौभाग्यवतींना हाक मारली, शेजारच्या काकांच्या गेटवर दोन थापा मारल्या, आणि मोटार लावली. मोटारीने एक घरघर केली, एमसीबी खट्कन पडला, सगळं घर अंधारात. चाचपडत जाऊन एमसीबी वर केला. पंखे फिरले, फ्रिज कण्हला, भिंतीवरच्या राऊटरचे दिवे एकामागून एक लागले. मोटार या वेळी नीट चालू झाली, वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. सौभाग्यवती खाली हौद भरायला गेल्या.

मी येऊन पाहिलं तर बॅटरीवर तग धरून असलेल्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायफायचा पंखा पूर्ण भरलेला.

त्या वर आल्या. “काय करायलात अजून? लागलं का ते?”

“लागलं.”

“मग झोपा आता. टाकी भरली की मोटार तेवढी बंद करा, मी पडते.”

“अगं, पण का लागलं?”

त्या काही न बोलता आत गेल्या. मी कर्नलच्या नोंदी उघडल्या. साडेतीनच्या पुढच्या ओळी वाचायला लागलो: जोडणीचा प्रयत्न, ओळख पटली, चारही पायऱ्या पूर्ण. ज्या गोष्टीने तीन रात्री दाद दिली नाही, ती कुणी काही न करता नीट होते, हे मुळीच समाधानकारक नव्हतं. मागच्या तीन दिवसांच्या नोंदी आणि या नोंदी शेजारी शेजारी ठेवून मी एकेक ओळ ताडून पाहू लागलो. बाहेर गच्चीवरून पाण्याचा एकसारखा आवाज येत होता. अवेळी का होईना, पाऊस बरा लागलाय, असं मनात आलं, आणि मी पुढची ओळ वाचायला घेतली.